रोकाया सरांचं प्रदर्शन

रेडियमचं काम करणाऱ्याच्या चपलेला कायम काहीतरी चिकटलेलं असतं. नंबरप्लेट कापली की आकड्यांच्या पोटातले बारीक तुकडे खाली पडतात. कितीही झाडलं तरी त्यातले काही घरापर्यंत येतातच. आई म्हणते, "तुझे पाय बघून कळतं आज कोणाची गाडी आली होती!" किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. एखाद्या दिवशी पाय झाडायला बसलं की कळतं, केवढे जमलेत.

माझ्याकडचे बहुतेक रोकाया सरांचे आहेत.

महाडला एसटी स्टँडच्या मागे आमचा गाळा आहे. पुढच्या अर्ध्या भागात माझं नंबरप्लेट आणि बोर्डांचं दुकान. प्लायवूडच्या पार्टिशनमागे सरांचा चित्रकलेचा क्लास आणि छापखाना. छापखाना म्हणजे लग्नपत्रिकांचा नव्हे. सर लाकडाच्या फळीवर चित्र कोरतात, तिला शाई लावतात आणि कागदावर तिचा छाप घेतात. एका फळीचे हवे तेवढे छाप निघतात. "कागद गेला तर जाऊ दे," ते म्हणायचे, "फळी आहे तोवर चित्र आहे."

सर मूळचे नेपाळचे, जुमल्याकडचे. वडील इथल्या एमआयडीसीत वॉचमन होते, त्यांच्याबरोबर सर लहानपणी आले. शाळा इथेच झाली. मग मुंबईला जाऊन चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि लोक तिथेच राहतात तसे न राहता परत महाडला आले. नाते गावाकडच्या आमच्या शाळेत ते मला चित्रकला शिकवायला होते. तो एक तास सोडला तर शाळेत माझं काही जमलं नाही. नववीत शाळा सुटली. सर तेवढे राहिले.

आमच्यातला तिसरा म्हणजे इरफानभाई. दुबईला ड्रायव्हर होता, परत येऊन टेम्पो घेतला. मी फार बोलत नाही म्हणून तो मला 'मुक्या' म्हणतो. सरांना 'मास्तर'.

सरांना एकच गोष्ट हवी होती. महाडमध्ये एक प्रदर्शन. भिंतीवर आपली चित्रं, खाली आपलं नाव, आणि लोक सावकाश चालत, एकेका चित्रासमोर थांबत बघतायत. "मुंबईत असे बघतात," म्हणून ते गाळ्यात चालून दाखवायचे, हात मागे बांधून. "हात मागे का? म्हणजे चित्राला हात लावायचा मोह होत नाही."

इरफानभाई म्हणायचा, "महाडात हात मागे बांधून फक्त आरोपी चालतो, मास्तर!"

*

एकदा एका नव्या सोसायटीचे चेअरमन गाळ्यात आले. सर पार्टिशनमागून बाहेर आले, कोपरापर्यंत शाईने काळे.

"बहादूर, रात्रपाळीला माणूस पाहिजे. तू येतोस का?"

सर म्हणाले, "मी चित्रं काढतो."

"मग काढ की! गेटवर रात्रभर काय काम असतं? लाईट आहे, खुर्ची आहे. निवांत काढ!"

"मी राखण करत नाही."

चेअरमन माझ्याकडे वळले. "पगार न ऐकताच नाही म्हणतोय हा!"

हे वाक्य सरांनी किती जणांना ऐकवलं असेल! आंब्याच्या बागवाल्यांना, बंगलेवाल्यांना, गणपतीच्या मांडवात रात्री झोपायला माणूस शोधणाऱ्या मंडळाला. आवाज कधी चढवला नाही. ड्रॉवर बंद करावा तसं म्हणायचे. "मी राखण करत नाही."

इरफानभाईने एकदा गंमत म्हणून करून बघितलं. बाजारपेठेत टेम्पो उभा केला आणि म्हणाला, "मास्तर, दोन मिनिटं गाडीकडे बघ. पान घेऊन येतो."

"मी राखण करत नाही."

पान घेऊन आला तर पोलीस टेम्पोचा फोटो काढतोय आणि सर शेजारच्या दुकानात पेन्सिली बघतायत! इरफानभाईने दंड भरला. त्या दिवसापासून गंमत बंद.

*

छाप घ्यायला दाबाचं मशीन लागतं. नवं घ्यायची ऐपत नव्हती. नडगावजवळ एक रसवंती बंद पडली होती, तिचा उसाचा चरक इरफानभाईने टेम्पोत घालून आणला. सरांनी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये त्याचे रूळ गुळगुळीत करून घेतले आणि त्यावर फळी सरकायला पाट बसवला. झालं मशीन! चरकाला बांधलेले घुंगरू मात्र त्यांनी काढले नाहीत. सरांचे वडील तेव्हा हयात होते. गाळ्याच्या पायरीवर बसायचे. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. घुंगरू वाजले की म्हणायचे, "कामात आहे पोरगा."

पण स्टँडवर उतरलेल्या माणसाला उन्हाळ्यात घुंगरू ऐकू आले तर तो काय समजणार?

एक गृहस्थ पोलादपूरच्या गाडीतून उतरले आणि थेट आत आले, घाम पुसत बसले. मी 'रस नाही' म्हणायला तोंड उघडेपर्यंत सरांनी चाक फिरवायला घेतलं होतं. कागद रुळातून बाहेर आला. सरांनी अलगद उचलला. डोंगरातून खाली येणारी वाट, वाटेवर एक मुलगी, डोक्यावर लाकडाची मोळी. ती वाट कुडपण गावची, वर डोंगरातली. सर तिथे कधी कधी स्केचिंगला जायचे.

गृहस्थांनी बराच वेळ बघितलं. सरांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच महाडमध्ये कोणीतरी एवढा वेळ बघत होतं.

मग गृहस्थ म्हणाले, "हे झालं की आमचा लावा. बर्फ कमी."

*

सरांची सगळ्यात चांगली फळी म्हणजे 'बाबा'. वडील कंपनीच्या गेटवर खुर्चीत बसलेले. टोपी, गळ्यात शिट्टी, मांडीवर टॉर्च. पुढे काढलेल्या उजव्या पायात कुरूप होतं म्हणून बूट अंगठ्याजवळ ब्लेडने कापलेला, त्यातून मोजा बाहेर आलेला. वडील गेल्यावर सरांनी ती कोरली. पूर्ण पावसाळा त्यात गेला.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुख्याध्यापकांनी शब्द दिला. "सर, यंदा एक वर्ग तुमचा. लावा प्रदर्शन!"

सरांनी चित्रं नेली. भिंतीला खिळे ठोकायला मनाई, म्हणून ती बाकांवर मांडली. मधोमध 'बाबा'. मग मुख्याध्यापकांनी त्यांना गेटवर पाठवलं, पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला. सर म्हणाले, "मी राखण..." मुख्याध्यापक म्हणाले, "राखण नाही हो, स्वागत!"

सर परत आले तेव्हा पाहुण्यांचा नाश्ता त्याच वर्गात सुरू होता. प्लेट कमी पडल्या होत्या. सभापतींसमोर 'बाबा' आणि बाबांच्या टोपीवर दोन बटाटेवडे!

मुख्याध्यापक हात पुसत म्हणाले, "या सर, या! कागद फार उत्तम आणलात. तेल टिपतो!"

सर मला एवढंच म्हणाले, "फळी आहे ना."

*

मग एक पुढारी आले. त्यांचा उजवा हात म्हणवणारा एक कार्यकर्ता दुकानात आला. "साहेबांचं पोर्ट्रेट करा लाकडात. हॉल मिळवून देतो. साहेबांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात प्रदर्शन, उद्घाटन साहेबांच्या हस्ते!"

आणि मोबाईलवर फोटो पाठवला.

फळीवर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा छाप सुलटा येतो. सरांनी नेहमीसारखं उलटं कोरलं. छाप अगदी फोटोसारखा आला. कार्यकर्ते बघायला आले आणि चित्रातल्या गालाशी वाकले.

"साहेबांचा तीळ?"

"आहे की," सर म्हणाले.

"डाव्या गालावर असतो! तुम्ही उजव्यावर टाकलात!"

सरांनी मोबाईलवरचा फोटो उघडून दाखवला. फोटोत तीळ उजव्याच गालावर. साहेबांनी स्वतःचा सेल्फी काढला होता आणि त्यांच्या फोनमधले सेल्फी उलटे निघायचे! आता साहेबांना सांगणार कोण? शेवटी चित्र तसंच त्यांच्यासमोर नेलं. साहेबांनी मान वाकडी करून बघितलं आणि खूश झाले. "परफेक्ट! रोज दाढी करताना असाच दिसतो मी!"

सर म्हणाले, "मग साहेब, हॉलचं..."

"हॉल कशाला? हॉलमध्ये कोण येतंय? आपण याचा फ्लेक्स मारू, पूर्ण महाड बघेल!"

आणि खरंच चौकात लागला. दोन मजले उंच! खालच्या पट्टीत शुभेच्छुकांचे गोल-गोल फोटो. सरांची सही चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असते. त्या जागी सही दिसेना. तिच्यावर उजव्या हाताचा चेहरा होता.

*

मार्चमध्ये चवदार तळ्यावर दूरदूरहून माणसं येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात. सरांनी त्या वर्षी एक छोटं चित्र केलं. ओंजळ, ओंजळीत पाणी, बोटांच्या फटीतून गळणारे थेंब. त्या बोटांवर त्यांनी किती मेहनत घेतली ते मी बघितलंय. स्वतःच्या हाताने पाणी घेऊन बघायचे, पुन्हा कोरायचे. पुस्तकवाल्यांनी आपल्या शेजारी प्रेमाने जागा करून दिली. आम्ही ताडपत्री टाकून बसलो.

एक म्हातारी बाई थांबली. पांढरं लुगडं, अनवाणी. "कुठला रे बाबा तू?"

"नेपाळचा."

"म्हणजे बुद्धाच्या गावचा!" तिने हात जोडले. सरांनीही जोडले. तिने चित्र घेतलं, नीट चार घड्या घातल्या आणि भाकरीच्या फडक्याशेजारी पिशवीत ठेवलं. घडी पडताना सरांनी डोळे मिटून घेतले. तिच्या मागून दुसरी आली, मग रांगच लागली. दुपारपर्यंत सगळे छाप संपले.

इरफानभाई टेम्पो घेऊन आला. "वा मास्तर! सगळा माल खपला! मग तोंड का उतरलंय?"

"त्यांचं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "फार मायेने बोलल्या. पण लुंबिनी मी आयुष्यात बघितलेली नाही. आणि ओंजळीकडे कोणी बघितलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते."

*

सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास घेतला तर शिक्षक, नाहीतर कोणी नाही. एका जूनमध्ये मुख्याध्यापकांनी सांगितलं, "आता चित्रकला पीटीचे सर घेतील. तसंही मैदानात चिखल असतो."

पुढच्याच आठवड्यात पीटीच्या सरांचा फोन. "रोकाया सर, जरा सांगा हो, सफरचंद कसं काढायचं? मी गोल काढला तर पोरं म्हणतात हा व्हॉलीबॉल आहे!"

मला वाटलं सर फोन ठेवतील. ते स्टुलावर बसले.

"सफरचंद गोल नसतं. त्याला खांदे असतात, माणसासारखे. एक खांदा जरा खाली काढा. देठ मधून सरळ काढू नका, खड्ड्यातून वर येऊ द्या. सावली आधी. सावली पडली की ते टेबलावर बसतं..."

बराच वेळ चाललं. फोन ठेवल्यावर इरफानभाई भडकला. "ज्याने तुझी जागा खाल्ली त्याला फुकट शिकवतोस?"

सर म्हणाले, "आमच्या जुमल्यात सफरचंदाची झाडं आहेत. इथल्या काही पोरांनी सफरचंद फक्त चित्रकलेच्या पेपरात बघितलंय. ते तरी नीट दिसू दे."

*

शेवटी इरफानभाईच म्हणाला, "कोणाचा हॉल नको. आपल्याच गाळ्यात करू! मुक्या, बोर्ड रंगव."

मी रंगवला. ऑइलपेंट, पिवळ्यावर काळा. 'मा. रोकाया : चित्रप्रदर्शन.' दोऱ्या बांधल्या, छाप चिमट्याने लटकवले. 'बाबा' समोरच. सर हात मागे बांधून एक फेरी मारून आले.

तेवढ्यात पाऊस वाढला. महाडचा माणूस पावसात भिंतीकडे बघतो. मागच्या पुराची रेघ कुठे आहे ते बघून सामान त्याच्या वर ठेवतो. सरांनी फळ्या माळ्यावर ठेवल्या, रेघेच्या हातभर वर. पाणी माळ्यावरून गेलं.

चिखल काढायला गेलो तेव्हा छापांचा लगदा झाला होता. चरक जागेवर, घुंगरांत गाळ. आणि फळ्या? लाकूड तरंगतं. शटर पाण्याने वाकलं होतं, त्या फटीतून सगळ्या निघून गेल्या होत्या. माझा ऑइलपेंटचा बोर्ड तेवढा राहिला. पुसला तर अक्षर न् अक्षर शाबूत!

पंचनाम्याला माणूस आला. पायात गमबूट, दमलेला, सकाळपासून हेच करत असलेला.

"काय काय गेलं?"

"चित्रं," सर म्हणाले.

"ते ठीक आहे. वस्तू सांगा. टीव्ही? फ्रीज?"

"लाकडाच्या फळ्या."

"फर्निचर का?"

सरांनी रिकाम्या माळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "टीव्ही लिहा."

सरांकडे टीव्ही कधीच नव्हता.

*

त्यानंतर आमचा एक उद्योगच झाला. इरफानभाईला खाडीकडचं भाडं असलं की मी आणि सर टेम्पोत बसायचो. सावित्री नदीने नेलेलं खालच्या गावांत कुठेतरी लागलं असणारच. घरोघर विचारायचं, "पुरात कोरलेली फळी आली का हो?"

एका ठिकाणी कुडपणची वाट कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली होती. बदल्यात प्लायवूड दिलं आणि ती सोडवली. साहेबांचं पोर्ट्रेट एका गोठ्यात सापडलं. ते सरांनी तिथेच राहू दिलं.

एका घरात बाई म्हणाली, "होती बाबा एक. हात कोरलेलं, पाण्याचं. चुलीत घातली. काय पेटली म्हणून सांगू! तेल पाजलं होतंस काय तिला?"

"हो," सर म्हणाले. "अळशीचं."

'बाबा' मात्र कुठेच नव्हते.

*

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एप्रिल संपत आलेला. खाडीच्या कडेचं गाव, नाव नाही सांगत. इरफानभाईला विटा उतरवायच्या होत्या. विटा उतरवल्या आणि पाणी मागायला आम्ही एका अंगणात शिरलो.

अंगणभर पापड. तांदळाच्या उकडीचे, पांढरे, अजून ओले. जुन्या साड्या अंथरून त्यांवर घातलेले. पडवीत एक काकी बसली होती. गोळा फळीवर ठेवायची, वरून पाट ठेवून दाबायची, सोलून बाजूला टाकायची. सुनेला ओरडत होती, "आन गो लवकर, उकड थंड झाली!"

सर खाली वाकले. मीही वाकलो. पापडांवर नक्षी होती.

एका पापडावर शिट्टी होती. शेजारच्यावर टॉर्चचं तोंड. पुढे टोपीची कड, मग खुर्चीचा हात, मग अर्धा डोळा, सुरकुत्या, पुन्हा शिट्टी. जिथे गोळा पडला तिथला तुकडा. कोरलेली प्रत्येक रेघ पापडावर वर उठून आली होती, उन्हात प्रत्येकीची बारीक सावली पडली होती. एका पापडावर बूट होता, अंगठ्याजवळ कापलेला.

इरफानभाई तावातावाने पडवीकडे निघाला. "ओ काकी, ती फळी..."

सरांनी त्याचा दंड धरला. सोडला. मग हात मागे बांधले आणि चालायला लागले. सावकाश. एकेका पापडासमोर थांबत. पहिल्या साडीच्या कडेने गेले, दुसरीच्या कडेने परत आले. आम्ही बघत होतो. काकीही हातातला गोळा धरून बघत राहिली.

मग हा नेपाळी आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. चेहरा बघितला सरांचा, आणि म्हणाली, "रे बहादूर! नुसता फिरतोस काय? माझं हात भरलेत. ती काठी घे नि बस तिथं जरा, कावळं लय हायत. पापड राखायला माणूस नाय माझ्याकडं."

इरफानभाईने माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे. ते वाक्य येणार म्हणून आम्ही दोघं थांबलो होतो.

सरांनी भिंतीला टेकलेली काठी घेतली. एक बादली पालथी घातली, पापडांच्या टोकाला, उन्हात. बसले. उजवा पाय थोडा पुढे काढून, काठी मांडीवर आडवी ठेवून.

आम्ही टेम्पोत जाऊन बसलो. इरफानभाईने हॉर्न वाजवला नाही.

संध्याकाळपर्यंत एकाही पापडाला चोच लागली नाही.